एसक्यूलाइटमध्ये ०२२ मधलं शून्य उडू नये म्हणून

पायथनमधून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये फोन नंबर भरताना मुंबईचा ‘०२२’ हा एसटीडी कोड टेबलात नुसता २२ दिसतोय? आधी कॉलमचा टाइप बघा. इंटिजर (पूर्णांक) असेल तर कारण उघड आहे. पण ‘स्ट्रिंग’ लिहिलं असेल तरी हेच होतं! एसक्यूलाइट तो शब्द ओळखत नाही, कॉलम न्यूमेरिक (आकड्यांचा) धरतं आणि तुम्ही पाठवलेल्या मजकुराचा आकडा करून टाकतं. तिथे ‘टेक्स्ट’च हवं. नवीन टेबल करताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ हा टाइप काटेकोर तपासायला लावणारा शब्द जोडाच (एसक्यूलाइटच्या ३.३७ आवृत्तीपासून चालतं), मग ‘स्ट्रिंग’ लिहिलेलं टेबल बनतच नाही.

रकमेचंही सांभाळा. पायथनचा डेसिमल (अचूक दशांश संख्येचा टाइप) थेट भरायला गेलात तर एरर येते. ती टाळायला त्याचा फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा टाइप) करू नका, १४९.५० रुपये सरळ १४९५० पैसे म्हणून इंटिजरमध्ये ठेवा.