मंगळावरचा लाव्हा वाचायचाय? आधी घाट चढा

ग्रहांवरच्या ज्वालामुखींचा अभ्यास करायचाय म्हणून मुलं विचारतात, तेव्हा मी आधी सह्याद्रीतल्या एखाद्या घाटात पाठवते. सोबत दहापटीचं भिंग, वही आणि पट्टी. कड्याकडे बघून लाव्हाचे थर मोजायचे. एका प्रवाहाच्या माथ्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्या दाट दिसतात, कधी त्यांत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलेलं असतं. मधला भाग घट्ट. दोन थरांमध्ये तांबडी पट्टी दिसली तर थांबा: तिथे बऱ्याचदा उद्रेक थांबून जमीन झिजली होती. हे चित्र हातानं काढा, फोटो पुरत नाही.

मग लोणार. बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकात, उल्कापातानं झालेलं 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, म्हणून मंगळाच्या विवरांशी तुलनेला अनमोल. तिथला दगड मात्र खिशात घालू नका. ते अभयारण्य आहे.

आता संगणक उघडा. मंगळाचे नकाशे आणि छायाचित्रं पाहायचं ‘जेमार्स’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स हा ज्वालामुखी शोधा: उंची सुमारे 22 किलोमीटर, रुंदी 600, तरी उतार सौम्य, कारण पातळ बेसाल्टी लाव्हा लांबवर वाहतो. प्रवाहाच्या कडा रेखाटा, त्यावरची उल्कापाताची विवरं मोजा. विवरं कमी म्हणजे पृष्ठभाग तरुण. मला पहिला नकाशा चार वेळा पुसावा लागला, आणि डोळा त्यातच तयार झाला.

पदवीला भूशास्त्र घ्या, पण गणित, भौतिकशास्त्र सोडू नका. पुढे ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग पीएच.डी.साठी अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचाही विचार करा. चांद्रयानाची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर आहे; त्यासाठी पदवीपर्यंत थांबू नका.