‘भारी आहे, ऐक’ म्हटल्यानं कुणी ऐकत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी. सौदे आटोपले की दुपारभर हिशेब, आणि कानात काहीतरी चालूच. त्यामुळं ‘दिवाणजी, ऐकायला काय तरी सांगा की’ हे रोजचंच. सांगायची माझी एक रीत बसलीय.

आवड नंतर विचारायची. आधी विचारायचं, कान कधी मोकळा असतो? आमचा ड्रायव्हर रात्री हळदीची पोती भरून वाशीला निघतो. त्याला वीस मिनिटांचं काही दिलं तर ते पेठ नाक्याच्या आत संपायचं. त्याला ‘तीन ताल’ दिला. आज तक रेडिओचा हिंदी पॉडकास्ट. नाव तालाचं, पण तबल्याचा पत्ता नाही. मंडळी नुसत्या गप्पा हाणतात, त्याही ऐसपैस. मध्ये टोल आला, चहाला थांबलं, तरी काही बिघडत नाही. भाग मात्र आधीच वायफायवर डाउनलोड करून द्यावेत, घाटात रेंजचा भरवसा नसतो. आणि गाडीवाल्याला यूट्यूबची लिंक देऊ नये. फुकटातलं यूट्यूब स्क्रीन बंद केली की गप्प बसतं, मग गडी स्टेअरिंग सोडून फोनकडं बघतो.

डबा खाताना ऐकणाऱ्यांना ‘टायनी डेस्क’. अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओच्या कचेरीत, फायलींच्या आणि पुस्तकांच्या गर्दीत, टेबलामागं उभं राहून कलाकार गातात. २००८ साली एनपीआरचा बॉब बॉयलन आणि त्याचा सहकारी एका गायिकेला ऐकायला बारमध्ये गेले, तर गलक्यात तिचा आवाजच पोचेना. ‘त्यापेक्षा आमच्या टेबलापाशी येऊन गा’ असं थट्टेत म्हटलं, आणि ती खरंच आली. ही हकीकत आधी सांगितली की माणूस लिंक उघडतोच. पंधरा-वीस मिनिटांत डबाही संपतो, मैफलही.

भाचा बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. त्याला गाणं कसं रचतात ते हवं, म्हणून ‘साँग एक्स्प्लोडर’. हृषीकेश हिरवे यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला पॉडकास्ट. गाणं करणाराच बोलतो, ड्रम वेगळा, बेस वेगळा, गळा वेगळा ऐकवतो आणि शेवटी अख्खं गाणं लागतं. भाच्याचं इंग्रजी बेताचंच. पण थर सुटे झाल्यावर कान आपोआप कळतं करून घेतो. कोक स्टुडिओ ही गाण्यांची मालिकाही त्याला आवडते. मात्र पाकिस्तानचा, भारतातला की बांगला, ते सांगून टाकावं, नाहीतर पोरं भलतंच उघडतात.

अवघड गिऱ्हाईक म्हणजे मिरजेची आत्या. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला सभा होते, तिथं रात्र-रात्र बसलेला हा कान. शेजारी तंबोरे जुळवणाऱ्यांची दुकानं. तिला ‘दरबार फेस्टिव्हल’चं रेकॉर्डिंग लावून दिलं. इंग्लंडमधला महोत्सव, २००६ पासूनचा. हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही, आणि कॅमेरा कलाकाराच्या बोटांपर्यंत जातो. दोन मिनिटं ऐकून आत्या म्हणाली, “तंबोरा कुठाय रे?” तंबोरा होता, पण फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज, म्हणजे खालचा सूर, बाहेरच पडत नव्हता. बरा हेडफोन लावला तेव्हा चारही तारा भेटल्या. तेव्हापासून शास्त्रीय काही सुचवलं की कशावर ऐकायचं तेही सांगतो. आत्याला शोधाशोधीचा कंटाळा, म्हणून रोजच्यासाठी आकाशवाणीचं ‘रागम’ लावून दिलंय. २६ जानेवारी २०१६ पासून चालू असलेलं चोवीस तासांचं शास्त्रीय संगीत, ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर फुकट. एकदा बोट दाबलं की झालं.

मराठीत ‘अमुक तमुक’ पॉडकास्टचं ‘खुसपुस’ हे गप्पांचं सदर मी पुष्कळांना सुचवतो, पण एकेकट्याला. घरात ज्याबद्दल कुणी तोंड उघडत नाही असले विषय असतात. ते फॅमिली ग्रुपवर टाकलं की लगेच ‘हे कुणासाठी?’ सुरू होतं.

निरोप कसा लिहायचा? कार्यक्रमाचं नाव टाकून मोकळं होऊ नये, शेकडो भागांतून त्यांनी काय निवडायचं? भाग एकच द्यावा, मिनिट द्यावं, कारण द्यावं. भाच्याला मी असं लिहितो: “हा एकच ऐक. गप्पा कंटाळवाण्या वाटल्या तर सातव्या मिनिटावर जा, तिथं नुसता बेस ऐकवलाय. तुझ्या डाव्या हातासाठी.” पाच लिंका एकदम पाठवल्या की एकही उघडत नाहीत.

मग आठवडाभर गप्प बसावं. रोज ‘ऐकलंस का?’ म्हणजे उधारीचा तगादा. न आवडल्याचं कळलं तर वाद घालू नये, कितव्या मिनिटाला बंद केलं तेवढं विचारावं. दुसऱ्या मिनिटाला केलं असेल तर आवाज किंवा भाषा पटली नाही. अर्ध्यावर केलं असेल तर लांबी जास्त झाली, त्याच कार्यक्रमाचा छोटा भाग शोधून द्यावा.