गणिताच्या तासाला संस्कृती आणताना या चुका टाळा

फळ्यावर सुरेख नक्षी काढली, मुलांनी ती रंगवली, ‘सममिती’ हा शब्द वहीत उतरला आणि तास संपला. संस्कृतीशी जोडलेलं गणित म्हणून जे चालतं, त्यातलं बरंचसं असंच सजावटीचं असतं. हीच सगळ्यात मोठी चूक.

नक्षी निवडताना एकच बघा: ती काढणारा कुठे अडतो आणि तिथे काय ठरवतो? पूर्व अंगोलातल्या चोक्वे लोकांची वाळूतली चित्रं घ्या. आधी बोटांनी ठिपक्यांच्या ओळी उमटवायच्या, मग गोष्ट सांगत सांगत त्यांच्याभोवती रेषा ओढायची, शक्यतो बोट न उचलता. मोझांबिकमधले गणिती पाउलुस गेर्डेस यांनी या चित्रांमागचं गणित तपशिलाने मांडलं. त्यांतल्या चटईच्या विणीसारख्या प्रकारात ५ ओळी आणि ६ स्तंभ घेतले तर सगळं चित्र एकाच रेषेत पूर्ण होतं. ४ आणि ६ घेतले तर २ रेषा लागतात, ६ आणि ९ ला ३. मसाविच की! पण हे आधी सांगून टाकलंत तर धड्यातली सगळी मजा गेली. वेगवेगळ्या मापांच्या चौकटी वाटा, रेषा मोजायला लावा, तक्ता भरू द्या. कोणाचा आकडा जुळला नाही, तर त्याची वळणं तपासा. रेषा तिरकी जाते आणि चौकटीच्या कडेलाच वळते; घाईत मुलं आधीच वळतात.

शाब्दिक उदाहरणातली नावं बदलून ते ‘आपलं’ झालं असं समजणं ही त्याहून सोपी पळवाट. उदाहरणातला व्यवहार खरोखर कोणी करत नसेल, तर नाव कोणतंही द्या, फरक पडत नाही.

आता नेहमीची तक्रार: ‘तोंडी पटापट सांगतो, वहीत मात्र चुकतो.’ यावर शिक्षक सहसा आणखी वहीतलीच उदाहरणं देतात, आणि आजार तसाच राहतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३५ ला एक, असे चार नारळ मागितल्यावर मुलाने १०५ अधिक ३० म्हणजे १३५ आणि शेवटी १४० असं बरोबर सांगितलं. तीन नारळांचे १०५ त्याला पाठच होते. त्याच मुलाला ३५ × ४ कागदावर दिलं, तर उत्तर आलं २००! ‘चार पंचे वीस, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस.’ हातचा त्याने गुणण्याआधीच मिळवला. गुणाकार त्याला येत होताच, कागदावरची रीत अर्धवट लक्षात होती. म्हणून आधी त्याची तोंडी रीत त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहा, शेजारी शाळेची रीत मांडा आणि १४० कुठे, २०० कुठे, हे त्यालाच शोधू द्या. तोंडी रीत पुसून टाकू नका. उत्तर पडताळायला त्याच्याकडे तेवढंच एक साधन आहे.

दुसऱ्या देशातून किंवा दुसऱ्या माध्यमातून आलेल्या मुलाची वेगळी मांडणी ‘चूक’ ठरवतानाही थांबा. वजाबाकीत दशक मोकळा करणं आणि दोन्ही संख्यांत सारखंच मिळवणं, दोन्ही रीती बरोबर आहेत. अनेक देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. तिथलं १,२५० म्हणजे आपलं सव्वा!

अभिमानाच्या भरात होणारी चूक आपल्याला जास्त जवळची. ‘पायथागोरसचं प्रमेय त्याच्या आधीच आपल्याला माहीत होतं’ एवढं म्हटलं, टाळ्या घेतल्या, पुढे काही नाही. बौधायन शुल्बसूत्रात, म्हणजे वेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात, आयताच्या कर्णाचा हाच नियम आहे हे खरं. पण त्याच्याही कित्येक शतकं आधीच्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर तो नियम वापरलेला दिसतो, आणि युक्लिडने त्याची सिद्धता दिली. पहिला कोण, या भांडणात तास घालवू नका. दोरी ताणून काटकोनी वेदी आखणाऱ्याला हा नियम का लागला आणि युक्लिडला सिद्धता का हवी होती, हे विचारा.

एखाद्या मुलाला उभं करून ‘तुमच्यात कसं मोजतात, सांग बरं’ असंही करू नका. ते मूल म्हणजे त्याच्या समाजाचं प्रदर्शन नव्हे, आणि त्याला कदाचित माहीतही नसेल.

शेवटी परीक्षा. वर्षभर असं शिकवलं आणि चाचणीत ‘ही चित्रं कोणत्या देशातली?’ विचारलं, तर मुलं देशाचं नाव पाठ करतील. ‘८ ओळी आणि १२ स्तंभ असतील तर किती रेषा लागतील, आणि का?’ असं विचारा.