मुलाखतीत रेकॉर्डर लावताय? आधी एक मिनिट टेस्ट करा

मुलाखत सुरू करायच्या आधी एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोन लावून ऐकाच, नुसता लाल दिवा लागला म्हणजे आवाज नीट येतोय असं नसतं. रेकॉर्डर टेबलावर तसाच ठेवू नका, खाली रुमाल घाला, नाहीतर कप ठेवल्याचा, बोटं वाजवल्याचा ठकठक आवाज थेट माइकमध्ये जातो आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य त्यात बुडतं. पंख्यापासून लांब आणि तुमच्यापेक्षा समोरच्याच्या जवळ ठेवा, तुमचे प्रश्न तुम्हाला माहितीच असतात.

फॉरमॅटचं म्हणाल तर फक्त लिहून काढायचं असेल तर १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, पुरते, तासाला साधारण ६० एमबी, वेव्हमध्ये (WAV, न दाबलेली फाइल) सीडी क्वालिटीला तेच ६०० एमबीच्या वर जातं.

परवानगी रेकॉर्डिंग चालू असतानाच विचारा म्हणजे त्यांचा होकारही फाइलमध्ये राहतो. आणि हो, वही सोडू नका प्लीज! चांगलं वाक्य आलं की रेकॉर्डरच्या काउंटरवरची वेळ टिपून ठेवा, २३:४० (२३ मिनिटं ४० सेकंद) वगैरे, नंतर दीड तासाचं रेकॉर्डिंग पुढेमागे करत बसावं लागत नाही. घरी आल्याआल्या फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करा, मगच रेकॉर्डरमधून डिलीट.