एडिटिंगचा प्रोजेक्ट उघडला आणि सगळ्या क्लिप्स लाल? आधी हे वाचा, मग हात लावा

आईच्या साठीचा व्हिडिओ करत होते, चाळीसेक मिनिटांची टाइमलाइन झालेली. औक्षण, जुन्या अल्बममधले स्कॅन केलेले फोटो, मामा-मावश्यांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेल्या शुभेच्छा, आणि त्यातच आजोबा आईला आशीर्वाद देतायत ती दीड मिनिटाची क्लिप. आजोबा त्यानंतर चार महिन्यांनी गेले. लॅपटॉपमध्ये जागा उरली नव्हती म्हणून मी सगळा फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवला, आठवड्याने प्रोजेक्ट उघडला तर एकूण एक क्लिप लाल, मीडिया ऑफलाइन. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण बहुतेक वेळा फाइल्स कुठेही गेलेल्या नसतात, आणि त्या घाबरलेल्या पाच मिनिटांत आपण जे करतो त्यानेच खरं नुकसान होतं.

आधी हे समजून घ्या की प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तुमचा व्हिडिओ नसतोच. शूटिंग ८० जीबी असेल तरी प्रोजेक्टची फाइल काही केबी नाहीतर फार तर काही एमबीची असते, ती का, तर ती फक्त यादी आहे. लग्नाच्या आमंत्रणाची वही असते ना, नाव आणि पत्ता, तसंच. अमुक क्लिप, ई ड्राइव्ह, साठी फोल्डर, त्यातला मोबाइल फोल्डर, अमुक नावाची फाइल, तिचा बाराव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंतचा तुकडा इथे लावा. तुम्ही फोल्डर हलवला की माणूस घर बदलून गेला, वहीत पत्ता जुनाच. सॉफ्टवेअर जुन्या घराची बेल वाजवतंय आणि दार उघडत नाहीये, एवढंच झालंय.

त्यामुळे लाल दिसलं की पहिलं काम, काही डिलीट करू नका. मीडियाच्या यादीतून लाल क्लिप काढून टाकली आणि तीच फाइल परत इम्पोर्ट केली तर होईल असं वाटतं, पण यादीतून काढली की बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवरचे तिचे सगळे तुकडेही जातात आणि त्यावरचे कट, कलर, आवाजाचं लेव्हलिंग सगळं जातं. प्रोजेक्ट सेव्ह न करता बंद करा, प्रोजेक्टच्या फाइलची एक कॉपी दुसरीकडे ठेवा, आणि मगच पुढचं. डाविंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर प्रोजेक्ट फाइल फोल्डरमध्ये शोधत बसू नका, त्याचे प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये असतात, प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये जाऊन प्रोजेक्टवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट प्रोजेक्ट करा म्हणजे डॉट डीआरपी फाइल मिळते, तीच तुमची कॉपी.

आता जुना पत्ता काय होता ते बघायचं. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही फुकट एडिटिंग सॉफ्टवेअर प्रोजेक्ट उघडतानाच हरवलेल्या फाइल्सची यादी पूर्ण पाथसकट, म्हणजे फाइलच्या पत्त्यासकट, दाखवतात. प्रीमियर प्रोमध्ये लिंक मीडियाची विंडो येते त्यात फाइल पाथचा कॉलम असतो. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूल, म्हणजे इम्पोर्ट केलेल्या क्लिप्सची जागा, लिस्ट व्ह्यूमध्ये करा आणि फाइल पाथचा कॉलम चालू करा. हा पाथ कागदावर लिहून घ्या, खरंच, स्क्रीन बदलत राहते आणि आपण विसरतो. पाथ वाचला की निम्म्या वेळा गोष्ट तिथेच उलगडते.

आणि इथे माझं ठाम मत आहे, रीलिंकच्या, म्हणजे क्लिपला फाइलचा नवीन पत्ता दाखवायच्या, बटणाकडे लगेच जाऊ नका. आधी जुना पत्ता परत उभा करता येतो का बघा. शंभर लोकांना नवीन पत्ता कळवत बसण्यापेक्षा माणसालाच जुन्या घरी आणून बसवा, एका झटक्यात सगळं जागेवर येतं आणि चुकीची फाइल जोडली जायची भीती राहत नाही. फोल्डरचं नाव बदललं असेल तर जुनं नाव परत द्या, अगदी स्पेस आणि स्पेलिंगसकट. फोल्डर हलवला असेल आणि जागा असेल तर तात्पुरता तिथेच परत कॉपी करा.

विंडोजवर सगळ्यात जास्त वेळा प्रकरण असतं ड्राइव्हच्या अक्षराचं. तुमची हार्ड डिस्क काल ई होती, आज आधी पेनड्राइव्ह लावला तर त्याने ई घेतलं आणि हार्ड डिस्क एफ झाली, सॉफ्टवेअर ई मध्ये शोधतंय. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली तुमच्या हार्ड डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स, मग चेंज, आणि जुनं अक्षर निवडा. ते अक्षर यादीत दिसत नसेल तर दुसरं काहीतरी ते अडवून बसलंय, पेनड्राइव्ह किंवा कार्ड काढा आणि परत बघा. त्याच मेनूत फॉरमॅट आणि डिलीट व्हॉल्यूम पण असतात, त्यांना चुकूनही हात लावायचा नाही, आणि सी ड्राइव्हचं अक्षर अजिबात बदलायचं नाही. मॅकवर अक्षरं नसतात पण डिस्कचं नाव पाथमध्ये असतं, त्यामुळे डिस्कचं नाव बदललं की तोच गोंधळ, आणि एकाच नावाच्या दोन डिस्क लावल्या तर दुसरीच्या पाथमध्ये नावानंतर १ लागतो.

अजून एक कारण हल्ली खूप दिसतं ते वनड्राइव्हचं. फोल्डर बॅकअप चालू केला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत जातात, तुम्हाला डेस्कटॉपवर फाइल तशीच दिसते पण तिचा पाथ बदललेला असतो. आणि फाइल फक्त ऑनलाइन असेल तर ढगाचं चिन्ह दिसतं, तेव्हा फोल्डरवर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा, पूर्ण डाउनलोड होऊ द्या, मगच प्रोजेक्ट उघडा.

माझं स्वतःचं नव्वद टक्के काम असंच झालं. माझ्या फाइल्स सी ड्राइव्हवरच्या व्हिडिओज फोल्डरमध्ये होत्या, मी थोडी जागा करून तो एकच फोल्डर तात्पुरता परत तिथे ठेवला आणि प्रोजेक्ट उघडला, आजोबांचा चेहरा दिसला तेव्हा मी पाच मिनिटं नुसती बघत बसले होते. पण सहा क्लिप्स तरीही लाल होत्या.

त्या सहांचे पाथ वाचले तर वेगळीच कथा. दोन क्लिप्सचा पाथ एसडी कार्डाचा होता, म्हणजे मी कार्ड लावून त्यावरूनच सरळ सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या होत्या, कॉपी केल्याच नव्हत्या. तीन टेम्प फोल्डरमधल्या, कारण मामेभावाने झिप पाठवली होती आणि मी ती एक्स्ट्रॅक्ट न करता आतूनच फाइल उघडून घेतली, तसं केलं की फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते आणि नंतर साफ होते. एक डाउनलोड्समधली. अशा फाइल्स शोधायला विंडोजच्या साध्या सर्चपेक्षा एव्हरीथिंग नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइलचं नाव टाइप करता करता सगळ्या एनटीएफएस ड्राइव्हवरून (विंडोजची नेहमीची फॉरमॅट) शोधून देतं, फक्त पेनड्राइव्ह किंवा डिस्क एक्सफॅट या दुसऱ्या फॉरमॅटची असेल तर ती त्याच्या सेटिंगमध्ये वेगळी जोडावी लागते. रिसायकल बिन बघा. फोनमध्ये बघा, आणि फोनमध्ये गुगल फोटोजचं फ्री अप स्पेस दाबलेलं असेल तर फोनमधली मूळ फाइल गेलेली असते, अकाउंटवरून परत डाउनलोड करता येते, पण बॅकअप स्टोरेज सेव्हर क्वालिटीत असेल तर फोर के शूटिंग १०८० पी होऊन येतं हे लक्षात ठेवा.

कार्डवरून डिलीट झालं असेल तर ते कार्ड त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढा, त्यावर एकही नवीन फोटो काढू नका, आणि कॉम्प्युटरवर फोटोरेक किंवा रेकुव्हा हे डिलीट झालेल्या फाइल्स परत मिळवणारं सॉफ्टवेअर चालवून सापडलेलं दुसऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करा, त्याच कार्डावर नाही. माझ्या दोन्ही क्लिप्स फोटोरेकने मिळाल्या, नावं मात्र सगळी बदललेली आली, एकेक लावून बघावी लागली.

आता रीलिंक. फाइल हातात आहे पण जुना पत्ता परत करणं शक्य नाही, लॅपटॉपच नवीन आहे वगैरे, तर हे करायचं. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या लाल क्लिप्स सगळ्या सिलेक्ट करा, राइट क्लिक, रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स, आणि वरचा मोठा फोल्डर दाखवा, आतल्या फोल्डरमध्ये तो स्वतः शोधतो. तिथेच चेंज सोर्स फोल्डर पण आहे, आतली फोल्डरांची रचना जशीच्या तशी असेल आणि फक्त वरचा पत्ता बदलला असेल तर मी तेच वापरते. प्रीमियरमध्ये लिंक मीडियाच्या विंडोत रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली वर टिक ठेवा, लोकेट दाबा, एक फाइल दाखवली की त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या तो स्वतः जोडतो. तिथे ऑफलाइन ऑल दाबलं गेलं तरी घाबरू नका, त्याने काही पुसलं जात नाही, नंतर क्लिपवर राइट क्लिक करून लिंक मीडिया करता येतं. शॉटकटमध्ये मिसिंग फाइल्सच्या यादीत सर्च इन फोल्डर, केडेनलाइव्हमध्ये सर्च रिकर्सिव्हली. या दोघांची एक गोष्ट मला फार आवडते, ते फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी खूण, प्रोजेक्टमध्ये लिहून ठेवतात, त्यामुळे फाइलचं नाव बदललेलं असलं तरी ओळखतात. रिझॉल्व्ह आणि प्रीमियरला मात्र नाव लागतं, म्हणून कॅमेऱ्याने दिलेली नावं एडिटिंग चालू असताना बदलू नका, बदलली असतील तर आधी जुनी करा.

शॉटकट आणि केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट फाइल्स साध्या टेक्स्ट असतात, म्हणजे शेकडो क्लिप्स असतील तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडून जुना पाथ शोधा आणि नवीन टाका असं एका फटक्यात करता येतं. स्लॅश कुठल्या बाजूला झुकलेला आहे ते फाइलमध्ये बघून तसाच लिहा, नाहीतर काहीच जुळणार नाही. हे मूळ फाइलवर करू नका, कॉपीवरच करा.

आता जिथे लोक सगळ्यात जास्त फसतात ते, चुकीची फाइल जोडली जाणं. जुन्या एव्हीसीएचडी हॅंडीकॅमच्या फाइल्स ००००० डॉट एमटीएस पासून सुरू होतात, प्रत्येक कार्डावर परत तेच. बऱ्याच कॅमेऱ्यांचं असंच, कार्ड फॉरमॅट झालं की क्रमांक पहिल्यापासून. मग तुम्ही सगळी हार्ड डिस्क शोधायला दिली तर हळदीच्या जागी मुंजीतली क्लिप येऊन बसते, लाल रंग गेला म्हणून तुम्ही खूश, आणि पाहुण्यांसमोर टीव्हीवर लावल्यावर कळतं. म्हणून नेहमी नेमका फोल्डर दाखवा, पूर्ण ड्राइव्ह नाही, आणि जोडून झाल्यावर टाइमलाइन एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकवून डोळ्यांनी बघा, ओठ आणि आवाज जुळतायत का तेही बघा.

दुसरं व्हॉट्सॲपचं. मूळ फाइल मिळत नाही म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली तीच क्लिप जोडू नका, ती दाबून लहान केलेली असते, आणि रिझोल्यूशन वेगळं असल्यामुळे झूम आणि क्रॉप सगळे हलतात. पाठवणाऱ्याला फोन करा, डॉक्युमेंट म्हणून पाठव म्हणा, तशी पाठवली की फाइल जशीच्या तशी येते. मामेभावाने मला तसंच पाठवलं, तिन्ही क्लिप्स लगेच बसल्या.

आणि कधी कधी फाइल जागेवरच असते, पाथ बरोबर, तरी लाल. मग ती व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून बघा. तिथे चालते आणि एडिटरमध्ये नाही तर प्रश्न पत्त्याचा नाही, कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून साठवलाय त्याचा आहे. लिनक्सवर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती एच २६४ आणि एच २६५ उघडतच नाही, म्हणजे मोबाइलचं जवळपास सगळं शूटिंग, त्यात कितीही रीलिंक करा काही होणार नाही, फाइल आधी डीएनएक्सएचआरसारख्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करावी लागते.

सगळं करूनही एखादी क्लिप नाहीच मिळाली तर घरच्यांना दाखवायला मधे एखादा ड्राफ्ट एक्स्पोर्ट केला होता का आठवा. त्यातून तेवढा तुकडा कापून घेता येतो. माझी डाउनलोड्समधली सहावी क्लिप, मावशीची, कुठेच नव्हती, तिचा फोनसुद्धा बदललेला, शेवटी भावाला पाठवलेल्या कच्च्या व्हिडिओतून घेतली. थोडी धूसर आहे, खाली संगीतही मिसळलेलंय, पण मावशीचा आवाज आहे.

पुढच्या वेळेसाठी एकच सवय लावा, सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक फोल्डर करा आणि कार्ड, फोन, व्हॉट्सॲप, गाणी, फोटो सगळं त्यात कॉपी करा, प्रोजेक्टची फाइलही त्यातच. शॉटकटला याचा थेट फायदा आहे, मीडिया प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये किंवा त्याच्या आत असेल तर तो पूर्ण पत्ता लिहीतच नाही, मग अख्खा फोल्डर उचलून कुठेही न्या. हार्ड डिस्कला व्ही किंवा डब्ल्यूसारखं शेवटाकडचं अक्षर देऊन टाका, विंडोज नवीन पेनड्राइव्हला सहसा सुरुवातीची मोकळी अक्षरं देतं. आणि काम संपलं की आर्काइव्ह करा, म्हणजे प्रोजेक्ट आणि त्यातल्या सगळ्या फाइल्स एकत्र एका जागी कॉपी होतात, रिझॉल्व्हमध्ये एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह, केडेनलाइव्हमध्ये आर्काइव्ह प्रोजेक्ट, प्रीमियरमध्ये फाइल मेनूतलं प्रोजेक्ट मॅनेजर आणि त्यात कलेक्ट फाइल्स. मराठी टायटलला वापरलेला फॉन्ट यात येईलच असं धरू नका, त्याची फाइल वेगळी टाकून ठेवा, नाहीतर नवीन कॉम्प्युटरवर नावांच्या जागी चौकोन दिसतात. आर्काइव्ह झाला की मूळ डिस्क काढून ठेवा आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघा. एकही लाल क्लिप दिसली नाही तरच लॅपटॉपमधलं डिलीट करा.