शहर बस सुरू करण्याआधी: वाढत्या महापालिकेसाठी तयारीची यादी

बस विकत घेणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. २००९ नंतर जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर विकास योजनेच्या पैशांतून अनेक शहरांत नव्याकोऱ्या बस आल्या. चालवायला दरमहा पैसा नसल्याने त्यांतल्या कितीतरी आगारात उभ्या राहिल्या. म्हणून तयारीची सुरुवात बसच्या संख्येपासून नको, किलोमीटरपासून करा: रोज किती किमी धावणार, आणि त्यातल्या प्रत्येक किमीचा खर्च पुढची दहा वर्षे कोण भरणार.

त्याआधी मागणी मोजा. महागडा सर्वेक्षण अहवाल नंतर मागवता येईल. आधी प्रमुख आठ-दहा चौकांत सकाळी ६ ते रात्री १० शेअर रिक्षा आणि वडाप (खासगी प्रवासी जीप) मोजा. एक दिवस कामाचा घ्या, एक आठवडी बाजाराचा. दर रिक्षात किती माणसे बसली आहेत आणि ती कुठे उतरतात हेही लिहा. बसचा पहिला प्रवासी आज त्याच रिक्षात बसलेला आहे. जोडीला एमआयडीसीतल्या पाळ्यांच्या वेळा, महाविद्यालये सुटण्याच्या वेळा आणि जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीची वेळ घ्या. एसटी स्थानकावर पहाटेच्या गाड्या कधी लागतात हेही टिपून ठेवा, कारण पहिली बस त्याआधी पोचली नाही तर तो प्रवासी रिक्षाकडेच राहतो.

मार्ग ठरवताना प्रत्येक नगरसेवकाला आपल्या प्रभागातून बस हवी असते. तिथे ठाम राहावे लागते. तासाला एक बस असलेले पंधरा मार्ग रिकामे धावतात. दर १५ मिनिटांनी बस येणारे चार मार्ग भरतात. वेळापत्रक पाठ करावे लागले की माणूस दुचाकी काढतो.

आता एका मार्गाचा हिशेब मांडा. एका बाजूने ९ किमी, म्हणजे जाऊन-येऊन १८. गर्दीच्या रस्त्यावर ताशी १५ किमी वेग धरला तर ७२ मिनिटे, दोन्ही टोकांना ९-९ मिनिटांची विश्रांती, एकूण ९०. दर १५ मिनिटांनी बस हवी असेल तर ६ बस लागतात, दर १० मिनिटांनी ९. विश्रांतीची मिनिटे कापून एक बस वाचवण्याचा मोह होतो. तसे केले की दुपारपर्यंत सगळे वेळापत्रक घसरते आणि तीन बस एकामागोमाग येऊ लागतात. रस्त्यावर ३० बस हव्या असतील तर किमान ३३ ताफ्यात ठेवा. दहा टक्के गाड्या देखभालीत असणारच. केंद्राच्या मापदंडानुसार चांगल्या सेवेला लाख लोकांमागे ६० बस लागतात. तेव्हा तीस म्हणजे फक्त सुरुवात, हे महासभेला आधीच सांगून ठेवा.

माणसांचा हिशेब इथेच करा. कायदा चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालतो. १६ तास धावणाऱ्या बसला दोन पाळ्या, साप्ताहिक सुटी आणि रजा धरून सुमारे २.६ चालक लागतात, म्हणजे ३० बसना ७८. ‘बसला दोन चालक’ या हिशेबाने भरती केली की दर सोमवारी फेऱ्या रद्द होतात.

आता पैशांकडे. वरच्या मार्गावर १६ तासांत एका बसच्या १० फेऱ्या होतात, म्हणजे दिवसाला १८० किमी. बस आणि चालक पुरवून किमीच्या दराने पैसे घेणारा ठेकेदार मात्र दर बसमागे रोज किमान २०० किमीच्या पैशांची हमी मागतो, आणि कुठल्या तरी मोठ्या शहराच्या करारातून ते कलम तसेच उचलले जाते. मग रोज प्रत्येक बसमागे २० किमीचे पैसे, न धावताच, पूर्ण किंवा कमी दराने द्यावे लागतात. म्हणून हमीचा आकडा आपल्या रस्त्यांच्या वेगावरून काढा. ३० बस, १८० किमी, ३६५ दिवस म्हणजे वर्षाला १९.७१ लाख किमी. उदाहरणादाखल ठेक्याचा दर किमीला ६५ रुपये धरला तर खर्च १२.८१ कोटी. तिकिटातून किमीला ३० रुपये मिळाले तर उत्पन्न ५.९१ कोटी, तूट ६.९० कोटी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत मिडी (मध्यम आकाराच्या) बसला किमीमागे २२ रुपये केंद्रीय मदत आहे. ती मिळाली तर ४.३४ कोटी येतात आणि २.५६ कोटी शहराच्या गळ्यात राहतात. प्रस्तावातली बेरीज बहुधा इथेच थांबते. पण ठेक्याच्या दरात वाहक धरलेला नसतो. ७८ वाहक महिना २५ हजारांनी धरले की आणखी २.३४ कोटी लागतात आणि शहराचा वाटा जवळजवळ दुप्पट होतो. तिकीट यंत्रे, तपासनीस, नियंत्रण कक्ष यांचा खर्च त्यावर वेगळा.

केंद्राची ही मदत १० वर्षांची आहे, आणि पात्रतेला २०११ च्या जनगणनेतली ३ लाख लोकसंख्या धरली आहे. शहर त्यानंतर कितीही फुगले असले तरी कागद जुनाच चालतो, त्यामुळे पात्रता सर्वांत आधी तपासा. तूट ‘जाहिरातींतून भरून निघेल’ असे वाक्य प्रस्तावात असेल तर ते खोडा. जाहिरातींतून थांब्यांची देखभाल निघाली तरी पुष्कळ. अंदाजपत्रकात परिवहन निधी वेगळा ठेवा आणि ठेकेदाराला एस्क्रो खात्यातून (फक्त याच देण्यासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यातून) ठरल्या तारखेला पैसे द्या. पुण्यात मार्च २०२३ मध्ये थकबाकीवरून ठेकेदारांनी बस थांबवल्या होत्या. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये भाडेतत्त्वावरच्या बसचे चालक पगारवाढीसाठी संपावर गेले. म्हणून चालकांचे वेतन बँकेत जमा झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढचे देयक मिळणार नाही, असे कलम करारात हवेच.

सवलतींचे आधी ठरवा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याची भरपाई राज्य करते. शहर बसला ती आपोआप लागू होत नाही. सवलत जाहीर करणाऱ्याने तिचा खर्च त्याच ठरावात लिहावा. हद्दीबाहेरच्या गावांचेही तसेच. पीएमपीएमएल या पुण्याच्या शहर बस कंपनीची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० अशी वाटून घेतात. तुमची बस शेजारच्या ग्रामपंचायतीत जाणार असेल तर वाटणीचा करार बस जाण्याआधी करा; नंतर कोणी सही करत नाही.

परवानगीत वेळ जातो. डिझेल किंवा सीएनजी बस असतील तर टप्पा वाहतुकीचे (थांब्याथांब्यावर प्रवासी घेण्याचे) परवाने प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडून घ्यावे लागतात आणि भाडेही महापालिकेला स्वतःच्या मर्जीने वाढवता येत नाही. प्रस्तावासोबतच भाडेवाढीचे सूत्र जोडा, नाहीतर डिझेल, वीज आणि किमान वेतन वाढत जाते आणि तिकीट पाच-पाच वर्षे तिथेच राहते. एसटी महामंडळ त्याच मार्गावर गाड्या चालवत असेल तर लेखी समझोता आधी करा.

आगार आणि वीज हे दोन्ही सर्वांत उशिरा होते. एका एकरात वळायची जागा धरून २५ ते ३० बस बसतात. वर्कशॉप आणि धुलाईला जागा वेगळी. जागा शहराच्या टोकाला फुकट मिळाली म्हणून लगेच घेऊ नका; पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी धाव ५ किमी असेल तर प्रत्येक बस रोज १० किमी उत्पन्नाशिवाय धावते. ई-बसला किमीमागे सुमारे १ युनिट धरा. रिकामी धाव मिळवून ३० बसना ५,७०० युनिट होतात आणि रात्री ११ ते ५ या सहा तासांत ती भरायला ९५० किलोवॉट लागतात, तेही गळती आणि आगाराचा स्वतःचा भार सोडून. उच्चदाब जोडणी आणि रोहित्रासाठी महावितरणकडे अर्ज निविदेच्या आधीच जाऊ द्या. बस येऊन उभ्या आणि वीज नाही, हा प्रकार टाळता येण्यासारखा आहे.

रस्ता स्वतः फिरून पाहा, शक्यतो एसटीची रिकामी गाडी भाड्याने घेऊन. १२ मीटर बसला वळायला साधारण १२ मीटर त्रिज्या लागते. जुन्या गावठाणात ती मिळणार नाही, तिथे ७ किंवा ९ मीटरची बस घ्या. जमिनीपासून ४०० मिमीवर तळ असलेली लो-फ्लोअर बस वेड्यावाकड्या गतिरोधकांवर पोट घासते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. मार्गावरचे बाकीचे सगळे उखडून तसेच बांधा. लोंबकळत्या केबली काढा. थांबे ४०० ते ५०० मीटरवर आणि चौक ओलांडल्यावर ठेवा. चौकाआधी ठेवले तर बस सिग्नलची रांग अडवते. थांब्यावर रिक्षा उभ्या राहणारच, म्हणून रिक्षा संघटनेला त्याच चौकात पण वेगळी जागा आखून द्या आणि वाहतूक शाखेकडून तशी अधिसूचना काढून घ्या.

उद्घाटनाची तारीख मंत्र्यांच्या सोयीने ठरते, पण निदान दोन आठवडे प्रवाशांविना चाचणी फेऱ्या करून घ्या. मार्गावर प्रत्यक्ष लागणारी मिनिटे बसमधल्या जीपीएसवरून तपासा आणि मगच वेळापत्रक छापा. वाहकांना पहिल्या महिन्यात सुट्ट्या नाण्यांच्या थैल्या द्या. क्यूआर लावला तरी सकाळच्या भाजीवाल्या रोखच देतात. पहिल्या तीन महिन्यांत मार्ग बदलू नका, फक्त फेऱ्यांच्या वेळा बदला.