जुनी फियाट उघडताय? या चुका टाळा

महिन्याकाठी एखादा तरी पोरगा मला फोटो पाठवतो. अंगणात ठोकळ्यांवर उभी केलेली फियाट, शेजारी घमेलं, घमेल्यात सगळ्या गाडीचे नट-बोल्ट एकत्र. खाली प्रश्न: 'काका, आता पुढं काय करू?' बाबा रे, जे करायचं ते घमेलं भरायच्या आधी करायचं होतं. एक भाग सोडवला की त्याचे नट त्याच भोकांत परत दोन-दोन आटे बसवून ठेवायचे, मगच दुसऱ्या भागाला पाना लावायचा. मोबाइलमध्ये फोटो काढा, काढू नका; माझा भरवसा नटावरच.

माझी फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७६ ची. जिंतूरकडच्या एका वाड्यात सापडली तेव्हा टपावर सरकीची पोती रचलेली होती. धड रस्त्यावर यायला तिला सहा वर्षं लागली. त्यातली दोन माझ्या मूर्खपणाची.

पहिला मूर्खपणा म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. आपल्याकडं बोअरचं पाणी कसलं असतं हे बादलीकडं बघून कळतं: पांढरा थर, वॉटर हीटरच्या कॉइलवर खडूसारखं कवच. तेच पाणी लोक खुशाल रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ओततात. वर या १०८९ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी त्यावर झाकणासारखं बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. क्षारांनी नळ्या बुजतात आणि हेडही आतून खाल्लं जातं.

मे महिन्यात झरीच्या पुढं गाडीनं वाफ सोडली. शेतातल्या मोटारीवरून कॅन भरून आणला आणि तापल्या इंजिनात तसाच रिकामा केला. हेड वाकलं. लेथवाल्यानं ते उघडून दाखवलं तर पाण्याच्या वाटा उंदरानं भाकरी कुरतडावी तशा झालेल्या.

आता खरं तर महिनाभर गप्प बसायला हवं होतं. पण पंधरा दिवसांवर मामेभावाचं लग्न होतं, आणि नवरदेव माझ्याच गाडीतून जाणार असं मी सगळीकडं सांगून बसलो होतो. आपल्या परभणीवरून देवगिरी एक्सप्रेस जाते. ती एकीकडं मुंबईला जाते, दुसरीकडं सिकंदराबादला. जुने पार्ट शोधणाऱ्याला याहून काय पाहिजे? गेलो हैदराबादला. तिथल्या दुकानदारानं एका जुन्या हेडला तारेचा ब्रश मारून ते आरशासारखं चमकवलेलं. 'आँख बंद करके ले जाओ साब.' मी खरोखरच डोळे मिटून घेतलं. घरी येऊन स्टीलची पट्टी आडवी धरली तर मधोमध फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांमधलं, ०.१० मिमीचं पान सहज आत सरकलं. लेथवाला म्हणाला, 'हे सपाट करायला आधीच दोनदा सोललंय. आता सोलायला काय राह्यलंय यात?' नवरदेव बोलेरोतून गेला.

तेव्हापासून माझ्या पिशवीत तीन वस्तू असतातच: सरळ स्टीलची पट्टी, फिलर गेज आणि एक स्पार्क प्लग. पट्टी दुकानातच लावायची, प्लग हेडच्या भोकात हातानं फिरवून आटे बघायचे. पट्टी बघून दुकानदाराचं तोंड वाकडं झालं की वस्तू खाली ठेवायची. आणि रेडिएटरमध्ये बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं. दोनशे-चारशे रुपयांसाठी हेडशी खेळू नका.

दुसरी गोष्ट, जुना पार्ट फेकायचा नाही. तुटलेला, गंजलेला, कसाही असो. बाजारात नमुना घेऊन गेलात तरच तोच पार्ट मिळतो. तोंडी वर्णन केलं की 'बसतंय की सगळं' म्हणून काहीही गळ्यात मारतात. माझे पुढच्या बंपरचे दोन्ही ब्रॅकेट दिवाळीच्या साफसफाईत घरच्यांनी भंगारवाल्याला किलोवर दिले. मी त्याच्या गोदामापर्यंत धावलो, तोवर ट्रक जालन्याला गेला होता. तिथल्या भट्ट्यांत गेलेलं भंगार परत येत नसतं. आज ते कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन पडले असतील.

टॅक्सीचा पार्ट घेताना दहादा बघा. ही गाडी कुर्ल्यातच बनायची आणि मुंबईत टॅक्सी म्हणून राबायची, त्यामुळं तिकडं माल निघायचा. पण तो लाखो किलोमीटर घासलेला. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. म्हणजे आता नवं भंगार यायचं नाही, आणि भावावर घासाघीस करताना हे त्या दुकानदारालाही माहीत असतं.

रंग शेवटी. पत्रा सडलेला असताना पुट्टी थापून रंग मारणाऱ्यांशी मी बोलत नाही.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट सेल्फ मारायचा नाही. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा, आठ दिवस थांबा, मग इंजिन हातानं फिरवून बघा. आठ दिवस थांबवत नसेल तर नवी गाडी घ्या.

ब्रेकचे रबर दिसायला चांगले असले तरी बदलायचे. पेट्रोलचे जुने रबरी पाइपही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं ते लवकर मऊ पडतात.

कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी आणू नका. आरसीवरचा चासी नंबर स्वतः गाडीवर वाचा, 'मिळून जातील कागद' यावर जाऊ नका. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, पण मग ती रोज भाजी आणायला काढता येत नाही.

राहिला उन्हाळा. बेचाळीस डिग्रीत गाडी चालता चालता बंद पडली आणि अर्ध्या तासानं आपोआप सुरू झाली, तर बहुतेक वेळा दोष कार्बोरेटरचा नसतो. इंजिनाला चिकटून बसलेला पेट्रोल पंप तापतो आणि आत पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओलं फडकं टाकायचं, सावलीत चहा प्यायचा. एका पोरानं याच दुखण्यापायी चांगला कार्बोरेटर खराब समजून विकायला काढला. मीच घेतला.